बारा वर्षांच्या मुलाचा गुडघा दुखतोय, एक्स-रे नॉर्मल. पुढे काय करू?

चोपडेकर_माय

नमस्कार. लिहिणं लांबेल, पण कृपया वाचा. तीन आठवडे मला धड झोप नाही.

मुलगा बारा वर्षांचा, सातवीत. अंगाने भरलेला, वजन ६४ किलो. दिवाळीनंतर उजवा गुडघा दुखतो म्हणायला लागला. पडला का, कुणी ढकललं का, सगळं विचारून झालं. नाही म्हणतो. एका दवाखान्यात दाखवलं. गुडघ्याचा एक्स-रे काढला, तो नॉर्मल आला. वाढीचं वय आहे, वजन कमी करा, असं सांगितलं. व्हिटॅमिन डीच्या पुड्या, कॅल्शियम आणि दुखलं तर द्यायला एक गोळी. याला आता सहा आठवडे झाले. गोळीने दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. हल्ली संध्याकाळी पाय ओढत चालतो.

सासूबाई म्हणतात, शाळा बुडवायचे बहाणे आहेत. मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण रविवारी भावाच्या शेतात सगळी पोरं बोरं तोडायला पळाली आणि हा बांधावर बसून राहिला. बोरं सोडणारा पोरगा नाही तो. तेव्हापासून माझ्या पोटात कालवतंय.

एमआरआय करावा का? की खरंच वाढीचं दुखणं आहे?

केळीबाग_रावेर

ताई, एवढं घाबरू नका. आमच्या मुलीला पाचव्या वर्षी असंच होतं. रात्री अकरा-साडेअकराला उठून रडायची, "माय, पाय दुखतस." दोन्ही पोटऱ्या धरायची. तिची आजी कोमट तेल लावून चोळायची, पंधरा मिनिटांत झोप. सकाळी उठली की बागेत पळायला मोकळी. डॉक्टरांनी वाढीचं दुखणं म्हणून सांगितलं होतं. दीड-दोन वर्षांत आपोआप गेलं.

यावलची_जिजी

लचक भरली असेल. आमच्या इकडे एक बाबा बसवून देतात. दोन बुधवार जायचं, आंबेहळदीचा लेप लावायचा. माझ्या नातवाचा हात त्यांनीच बसवला.

डॉ_पांझरा

चोपड्याच्या ताई, बाकीचे प्रतिसाद सावकाश वाचा, आधी हे वाचा. मी धुळे जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करतो. इथे बसून निदान करत नाही, पण तुमच्या लिहिण्यातल्या चार गोष्टी एकत्र आल्या की मी थांबत नाही: वय बारा, वजन जास्त, एकाच बाजूचं दुखणं आणि लंगडणं. मुलाचा खुबा तपासायला हवा. गुडघा नव्हे, खुबा.

खुब्याच्या सांध्याला आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला जाणाऱ्या नसा एकाच मुळाच्या आहेत. त्यामुळे बिघाड खुब्यात असतो आणि पोर हात ठेवतं गुडघ्यावर. गुडघ्याचा एक्स-रे नॉर्मल येणारच, कारण गुडघ्यात काही झालेलंच नाही.

या वयात मांडीच्या हाडाचं डोकं आणि खालची मान यांच्यामध्ये वाढीची कूर्चा असते, ग्रोथ प्लेट म्हणतो आम्ही तिला. वजनाचा भार आणि वयात येतानाचे बदल यांमुळे ती कधीकधी सैल पडते आणि डोकं मानेवरून घसरतं. चुलीवरचं खापर एका अंगाला सरकावं तसं. हळूहळू सरकतं, म्हणून सुरुवातीला दुखणं येतं-जातं. पण एखाद्या दिवशी पाय घसरला किंवा उडी मारली की एकदम सरकू शकतं. मग डोक्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका असतो आणि ते नुकसान भरून निघत नाही.

आज एवढंच बघा. तो उभा राहतो किंवा चालतो तेव्हा उजवं पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं आहे का? पाय ओढून, वाकवून पाहू नका, नुसतं बघा. उत्तर काहीही असो, उद्या सकाळी दोन्ही खुब्यांचा एक्स-रे, समोरून आणि बाजूने. गुडघे बाहेर पाडून, बेडकासारखे पाय करून काढतात तो बाजूचा. नुसत्या समोरच्या फोटोत थोडी घसरण सुटून जाते. जास्त दुखत असेल तर त्या फोटोसाठी जबरदस्ती करू देऊ नका. तोवर उजव्या पायावर भार नको. शाळा नको, सायकल नको, जिना नको. एमआरआयची आत्ता गरज नाही. दोन फोटोंत बहुतेक वेळा कळतं.

जिजी, तुमचा नातू बरा झाला याचा आनंद आहे. पण या पोराचा पाय कुणी ओढला-चोळला तर सरकलेलं डोकं आणखी सरकेल. हात जोडून सांगतो, त्याला तिकडे पाठवू नका.

चोपडेकर_माय

आत्ताच अंगणात चालायला लावलं. उजवं पाऊल बाहेर वळतंय. आधी का दिसलं नाही मला? सकाळी पहिल्या गाडीने निघतो.

केळीबाग_रावेर

डॉक्टर साहेब, मी वर चुकीचा धीर दिला. वाईट वाटतंय. मग वाढीचं दुखणं ओळखायचं कसं?

डॉ_पांझरा

तुमच्या मुलीचं वर्णन मात्र अगदी पुस्तकी होतं, दादा. साधारण तीन ते बारा वर्षांचं मूल, दुखणं दोन्ही पायांत, मांडीच्या पुढच्या भागात, पोटरीत किंवा गुडघ्यामागे, म्हणजे स्नायूत. सांध्यात नाही. संध्याकाळी किंवा रात्री येतं, चोळलं की जातं, सकाळी मूल नेहमीसारखं उड्या मारतं. लंगडणं नाही, सूज नाही, ताप नाही, तपासणीत काही सापडत नाही. हे सगळं जुळलं तरच वाढीचं दुखणं म्हणायचं. नावात वाढ असली तरी वाढीच्या वेगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही. नाव जुनं आहे, म्हणून चालतं.

एक जरी गोष्ट जुळली नाही तर ते नाव मी तोंडातून काढत नाही. एकच पाय. दिवसाही दुखतं. सकाळी आखडतं. लंगडतं. वजन उतरतं. मूल पांढरं पडतं, न लागताही काळे-निळे डाग येतात, रात्री हाड दुखून जाग येते आणि चोळूनही थांबत नाही. या शेवटच्या प्रकारात रक्ताची साधी तपासणी, सीबीसी, आधी. रक्ताचा कर्करोग कधीकधी हाडांच्या दुखण्यानेच सुरू होतो. इथे एक कळकळीची विनंती: कारण न कळता ठणकणाऱ्या मुलाला "लवकर बरं वाटायचं" इंजेक्शन देऊ नका. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. पोर चार दिवस हसतं-खेळतं, आणि खरा आजार झाकला जाऊन निदान लांबतं.

आणि ताप आहे, मूल पाय टेकवायला किंवा सांधा हलवू द्यायला तयार नाही, तर सकाळची वाट बघायची नाही. सांध्यात पू झाला असेल तर तासांचा हिशोब असतो.

गिरणाकाठ

डी व्हिटॅमिनचं काय? आमच्याकडे तर प्रत्येक पाय दुखणाऱ्या पोराला पुड्या देतात. आमच्या शेजारच्यांनी मुलाला मोठं इंजेक्शन तीन वेळा दिलं.

डॉ_पांझरा

कमतरता खरी आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, पोरं दिवसभर कूलरसमोर. ऊन डोक्यावर असून अंगाला लागत नाही. पण कमतरता सापडली म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं असं नाही. ज्या मुलाचं तपासाल त्याचं कमी निघेल, आणि मग पुढचं कुणी शोधतच नाही. या धाग्यावरच्या पोराचे सहा आठवडे तसेच गेले.

डी व्हिटॅमिन कमी पडून हाडं मऊ होतात तो मुडदूस वेगळा दिसतो: पाय धनुष्यासारखे, मनगटं रुंद, चालायला उशीर. ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा असते, तीही ठरावीक आठवडेच. ती रोज दिलेली मी पाहिली आहे. मोठी इंजेक्शनं पुन्हा पुन्हा घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडाला इजा होते. शेजाऱ्यांना सांगा, आता थांबवून एकदा कॅल्शियम तपासून घ्या. निमेसुलाइडची गोळी घरात असेल तर तीही बाजूला ठेवा. बारा वर्षांखालच्या मुलांना ती द्यायला आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे.

बोरीकाठची_पोर

मी अमळनेरची, वय १९. "बहाणे" हा शब्द वाचला आणि राहवलं नाही.

सात वर्षांची होते. सकाळी उठले की बोटं मिटायची नाहीत. वेणी आई घालायची, पण फ्रॉकची बटणं मला लागायची नाहीत, डब्याचं झाकण निघायचं नाही. अकरापर्यंत हात मोकळे व्हायचे. त्यामुळे शाळेत बाईंना मी बरी दिसायचे आणि घरी सकाळी आळशी. दिवाळीत अंगणात रांगोळी काढायला बसले आणि चिमटीतून रांगोळी सुटेना. आईने मार दिला होता त्या दिवशी. आजही ती ते आठवून रडते.

एका ठिकाणी संधिवाताची रक्ताची तपासणी केली. निगेटिव्ह आली, तर म्हणाले संधिवात नाही. दीड वर्ष त्यात गेलं. नंतर कळलं की मुलांच्या संधिवातात ती तपासणी बहुतेकांची निगेटिव्हच येते. सोळा वर्षांच्या आत सुरू झालेली, सहा आठवडे किंवा जास्त टिकलेली सांध्याची सूज, आणि दुसरं कारण सापडलं नाही, यावरून निदान होतं. आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेटची गोळी असते माझी. आज मी बीएस्सीला आहे, प्रॅक्टिकलला ब्युरेट धरते.

डोळ्यांचं सांगायचं राहिलं. या आजारात डोळ्याच्या आत सूज येते आणि डोळा लालही होत नाही, दुखतही नाही. माझा डावा डोळा थोडक्यात वाचला, तोही दर तीन महिन्यांनी नेत्रतज्ज्ञांकडे यंत्रावर तपासणी सुरू होती म्हणून. मुलाला हा आजार निघाला तर पहिल्याच महिन्यात डोळे दाखवा.

चोपडेकर_माय

बाळा, तुझं वाचून मुलाला जवळ घेतलं. आम्ही धुळ्यात आहोत, नंबर लागलाय.

सातपुडा_अधीक्षिका

मी नंदुरबार जिल्ह्यात आश्रमशाळेत आहे. आमच्याकडे "हातपाय दुखतात" म्हणणारं पोर आलं की माझा पहिला प्रश्न असतो, सिकलसेलची टेस्ट झाली आहे का. भिल्ल आणि पावरा समाजात हा आजार फार आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाड ठणकतं. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या बाळाचे दोन्ही पंजे आणि पावलं अचानक सुजतात. पुष्कळ आया त्याला नजर लागली समजतात.

दुखणं कधी उठतं ते आता मला पाठ झालंय. पहिला गारठा पडला की. उन्हात चालून पाणी कमी पडलं की. तापात. म्हणून आमच्या वसतिगृहात या मुलांच्या उशाशी पाण्याची बाटली असते आणि थंडीत गार पाण्याची आंघोळ त्यांना नाही. दुखऱ्या जागी बर्फ लावायचा नाही, शेक द्यायचा. ताप आला तर रात्र काढायची नाही, थेट दवाखाना. हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं औषध सुरू असलेल्या मुलांचं दुखणं खूप कमी होतं हे डोळ्यांनी पाहिलं. पण आई-बाप ऊसतोडीला गुजरातेत जातात, मूल सोबत जातं, आणि गोळ्या सुटतात. मी निघताना औषधाच्या कागदाचा फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये काढून देते आणि जमेल तितक्या दिवसांच्या गोळ्या मागून घेते.

२०२३ च्या जुलैमध्ये केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. त्यात आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी आहे. लग्नाआधी करा, माय. दोघेही वाहक असले, म्हणजे स्वतःला आजार नसून पुढे देऊ शकणारे, तर प्रत्येक बाळंतपणाला चारात एक शक्यता आजाराची.

आणि सिकलसेलच्या पोराने खुबा किंवा गुडघा दुखतो म्हटलं तर डॉक्टरांचं वरचं लक्षात ठेवा. याही आजारात मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटतो.

मैदान_पारोळा

मी खो-खो शिकवतो आणि पहाटे पोलीस भरतीची पोरं पळवतो. दोन्हीकडे पाय दुखतातच.

खो-खोवाली पोरं दहा ते पंधराची. गुडघ्याच्या खाली नडगीवर टेंगूळ येतं, हात लावला तरी कळ. चौकात बसून उठणं, मुरमाड मैदान. आमच्या फिजिओने ऑस्गुड-श्लाटर असं नाव सांगितलं, १९०३ मध्ये दोन डॉक्टरांनी वेगवेगळं लिहून ठेवलं तेव्हापासूनचं. आजार म्हणावा असा नाही. मांडीचा स्नायू जिथे नडगीला बांधलेला असतो तिथली कोवळी वाढ ओढली जाते. मी आधी अशा पोरांना घरी बसवायचो, आता बसवत नाही. उड्या आणि गुडघ्यावर बसणं कमी करतो, मांडीचे ताण देतो, बाकी खेळ चालू. वर्ष-दीड वर्षात ओसरतं, टेंगूळ राहिलं तरी त्रास नसतो. धाकट्यांची टाच दुखते तीही याच जातीची.

भरतीचं मात्र काळजीचं आहे. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. जाहिरात निघाली की चार महिने घरी बसलेली पोरं एकदम रोज सात-आठ किलोमीटर डांबरावर पळतात, बुटाचा तळ झिजलेला. नडगी दुखते. सगळी नडगी लांबभर दुखत असेल तर विश्रांतीने जातं. एका बोटाच्या टोकाएवढ्या जागी दुखत असेल तर हाडाला बारीक तडा असू शकतो, आणि पहिले दोन-तीन आठवडे तो एक्स-रेत दिसतच नाही. नॉर्मल फोटो घेऊन पोरं परत येतात, मेडिकलमधून गोळी घेऊन पळतात. मागच्या खेपेला माझ्या एका पोराची नडगी मैदानातच मोडली. गरीब घरचा, तीन वर्षं तयारी केलेला. तेव्हापासून कुणीही एका बोटाने जागा दाखवली की मी त्याला सहा आठवडे पळू देत नाही. शिव्या खातो, चालतं.

मुलींना लाजेने कुणी विचारत नाही: पाळी थांबली आहे का. उपाशी पळणाऱ्या मुलींची पाळी जाते आणि हाडं ठिसूळ होतात. माझी बायको विचारते त्यांना.

गिरणाकाठ

माझ्या मोठ्या बहिणीचं आठवलं. नववीत घसा दुखला, तो बरा झाला. मग दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजला, तो उतरला तर घोटा, मग मनगट. आपोआप बरं झालं म्हणून सगळे निवांत. पहिल्या बाळंतपणात दम लागला तेव्हा कळलं, हृदयाची झडप खराब.

डॉ_पांझरा

ऱ्हुमॅटिक ताप. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलात दुखणं एका मोठ्या सांध्यातून दुसऱ्यात फिरत असेल तर हृदय तपासल्याशिवाय सोडायचं नाही. वेळेत कळलं तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन अनेक वर्षं देऊन झडप जपता येते. तुमच्या बहिणीला तेव्हा कुणी स्टेथोस्कोप लावला असता तर, हा विचार मनातून जात नाही.

आमच्या बाजूचंही सांगतो. पावसाळी ओपीडीत बाकांवर जागा नसते आणि एका पोराला दोन मिनिटंही मिळत नाहीत. म्हणून मी ब्रिटनच्या न्यूकॅसलमधल्या बालसंधिवात तज्ज्ञांनी बसवलेली एक छोटी तपासणी भिंतीवर लावली आहे, पीगॅल्स म्हणतात तिला. आधी तीन प्रश्न: सांधे, स्नायू, पाठ दुखते किंवा आखडते का? कपडे घालायला त्रास होतो का? जिना चढता-उतरता येतो का? मग पोराला चवड्यांवर चालवायचं, टाचांवर चालवायचं, मूठ मिटवायची, हात वर, मान मागे. पोरांना खेळ वाटतो, आणि दोन मिनिटांत होतं. त्यासाठी पँट काढायला लावावी लागते. जाड जीन्सवरून खुबा कळत नाही.

चार ते आठ वर्षांचं मूल न दुखता नुसतं लंगडत असेल तरी आणा. त्या वयात पर्थेस नावाचा खुब्याचा आजार होतो, मुलग्यांत जास्त. सर्दी-तापानंतर आठ-दहा दिवसांत बरी होणारी साधी खुब्याची सूजही असते, पण ती साधी आहे हे तपासूनच म्हणायचं.

चोपडेकर_माय

घसरलंय. डॉक्टर साहेब, तुम्ही म्हणालात तसंच.

फोटो काढणारा भाऊ म्हणाला, गुडघ्याचा ना? मी म्हटलं, नाही, दोन्ही खुब्यांचा, समोरून आणि बाजूने. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यावर लावला आणि लगेच म्हणाले, याला खुर्चीतून उठू देऊ नका. तिथूनच स्ट्रेचरवर वॉर्डात नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं, एक स्क्रू टाकला. घसरण कमी होती, आहे त्याच जागी पक्कं केलं. रक्तात थायरॉइडही तपासलं, ते बरोबर आहे.

सासूबाई दवाखान्यात आल्या, नातवाच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. काही बोलल्या नाहीत. घरी आल्यापासून त्याच्या खाटेजवळच अंथरूण टाकलंय त्यांनी.

सहा आठवडे कुबड्या. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. डाव्या पायालाही होऊ शकतं म्हणाले, ते कसं ओळखायचं? आणि आमचा संडास बैठा आहे.

यावलची_जिजी

माय, देवाने वाचवलं. बाबांकडे जा म्हटलं होतं मी. पोराला सांग, यावलच्या आजीने विचारलं म्हणून.

डॉ_पांझरा

ताई, फार बरं वाटलं. तुम्ही दोनदा "खुब्याचा" म्हणालात ते महत्त्वाचं झालं.

डावा: बऱ्याच मुलांना पुढे दुसऱ्या बाजूलाही होतं, बहुधा पहिल्या दीड वर्षात. म्हणून वाढीची कूर्चा मिटेपर्यंत दर काही महिन्यांनी दोन्ही खुब्यांचा फोटो. डावा गुडघा, मांडी किंवा जांघ दुखली, डावं पाऊल बाहेर वळलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जा. वजनाबद्दल आत्ता त्याला काही बोलू नका. कुबड्या सुटल्या की घरच्या सगळ्यांचंच ताट बदला.

उकिडवं बसणं बंद. प्लास्टिकच्या खुर्चीची बैठक मधोमध कापून बैठ्या संडासावर ठेवता येते, सुतार अर्ध्या तासात करून देतो. कडा घासून घ्या, खुर्ची हलत नाही ना ते आधी तुम्ही स्वतः बसून बघा. भिंतीला धरायला एक पाइप ठोका, डाव्या हाताला.

केळीबाग_रावेर

ताई, अशी खुर्ची आमच्याकडे आहे, वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळची. शनिवारी केळीची गाडी चोपड्यावरून जाते. पत्ता खासगी निरोपात पाठवा, ड्रायव्हरच्या हातात देतो.